पडायला उशीर

क्योटोच्या स्टुडिओत मी एकोणीस वर्षं मरत होतो. तलवारीच्या चित्रपटांत नायकाच्या हातून कापले जाणारे आम्ही बावीस जण होतो. पाठीवर धाडकन पडणं, जिन्यावरून गडगडत येणं, विहिरीच्या कठड्यावर लोंबकळणं, सगळं अंगवळणी पडलेलं. माझा चेहरा मात्र पडद्यावर कधी आला नव्हता. माझी बायको फुसाए थिएटरात मला पाठीवरून ओळखायची.

सहासष्ट साली उएबायाशी साहेबांनी एका निर्दय तलवारबाजाचा चित्रपट काढला. हा तलवारबाज कुणाचा सूड घेत नाही, कुणासाठी लढत नाही. माणूस समोर येतो, हा त्याला कापतो आणि पुढे चालू लागतो. ज्यानं त्याला लहानपणापासून शिकवलं, त्या म्हाताऱ्या गुरूलाही तो देवळाच्या अंगणात जाता जाता मारतो. गुरूचं काम करणारा नट ऐनवेळी आजारी पडला आणि साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"कुरिमोतो? हे तर आमचं मढं," मारामारी बसवणारे तोकुमारू म्हणाले.

"मढंच हवंय," साहेब म्हणाले. "पण चेहऱ्यासकट."

तलवारबाजाचं काम सेइगो मुरोझोनो करत होते. अंगानं किरकोळ, बोलायला मऊ, चहा आणणाऱ्या बाईपुढेही वाकणारा माणूस. पण हे काम सुरू झाल्यापासून ते कुणाशी बोलत नव्हते. जेवणाच्या सुट्टीत आम्ही भाताचे गोळे आणि मुळ्याचं लोणचं खात बसायचो, तेव्हा ते पटांगणाच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून उभे असायचे.

"मोठा झालाय ना आता," माझा सोबती निशिवाकी म्हणायचा. मलाही तसंच वाटायचं.

नोव्हेंबरातली सकाळ होती. मी अंगणातली पानं झाडतोय, शिष्य फाटकातून येतो, मी मान वर करून हसतो, तो शेजारून जाताना वार करतो, मी पडतो. एवढंच होतं. आम्ही सात वेळा तालीम केली. सातही वेळा मी झकास पडलो आणि सातही वेळा साहेबांनी नकारार्थी मान हलवली.

"तो मारायच्या आधीच मरतोस तू."

"साहेब, वार आला की मगच पडतो मी."

"वार येणार हे तुला ठाऊक असतं. म्हाताऱ्याला ठाऊक नाही. त्याचा पोरगा घरी आलाय."

"एकोणीस वर्षांची खोड आहे, साहेब," तोकुमारू म्हणाले. "एका सकाळीत जायची नाही."

ते खरं होतं. तलवार उपसण्याआधी माणसाचा खांदा किंचित हलतो. तो हलला की आमचं अंग आपोआप मरणाच्या तयारीला लागतं. मुरोझोनोंचाही खांदा तालमीत दर वेळी हलत होता.

साहेब कंटाळून म्हणाले, "कॅमेरा चालू करा. होईल ते होईल."

मी झाडू लागलो. खडीवर पावलं वाजली. मी मान वर केली आणि ठरल्याप्रमाणे हसलो. मुरोझोनो माझ्याकडे बघत होते, पण त्या नजरेत मी नव्हतो. राग नाही, तिरस्कार नाही. रिकाम्या अंगणाकडे बघावं तसं ते बघत होते. मी त्यांचा खांदा शोधत राहिलो. तो हललाच नाही. ते माझ्या शेजारून गेले, गालाला वारा लागला, आणि त्यांची पावलं माझ्या मागे देवळाच्या पायऱ्यांकडे जाऊ लागली.

मी उभाच होतो. मनात आलं, यांनी वार केलाच नाही, आता साहेब थांबवतील. कुणी थांबवलं नाही. मी खाली पाहिलं. किमोनो छातीवर तिरका फाटला होता. बांबूच्या पट्टीवर चांदीचा कागद चिकटवलेली ती तलवार, तिला धार कसली? तरी कापड फाटलं होतं आणि मला काहीच दिसलं नव्हतं. मग माझे गुडघे गेले. पडा असं मी त्यांना सांगितलं नव्हतं.

"कट," असं साहेब इतक्या हळू म्हणाले की कॅमेरावाल्यानं त्यांच्याकडे वळून पाहिलं. बाकीचे एकवीस जण जागीच उभे होते. निशिवाकीनं माझ्या छातीला हात लावून पाहिला, रक्त आहे का ते.

मुरोझोनो पायऱ्यांशी तसेच पाठमोरे उभे होते. मी आणि तोकुमारू जवळ गेलो, तर त्यांच्या हातात तलवार तशीच होती. मूठ उघडत नव्हती. आम्ही एकेक बोट धरून सोडवलं. बोटं बर्फासारखी गार होती.

"लागलं का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"नाही. पण तुम्ही गेला होतात कुठे?"

ते सुटलेली बोटं चोळत राहिले. मग म्हणाले, "महिनाभर मी एकच सराव करतोय, समोरचा माणूस न दिसण्याचा. तालमीत तुम्ही हसलात की दिसायचात. आता दिसला नाहीत." त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "जाता येतं तिथे. परत यायला फार त्रास होतो."

आणि ते खडीवर गुडघे टेकून माझ्यापुढे वाकले. आम्हा मरणाऱ्यांपुढे तोवर असं कुणी वाकलं नव्हतं. मीही घाईघाईनं वाकलो. ज्या माणसाला आम्ही महिनाभर गर्विष्ठ म्हणत होतो, त्याच्यासमोर मान वर करायला मला वेळ लागला.

चित्रपट लागला तेव्हा मी फुसाएला घेऊन गेलो. शेजारचा माणूस सुका माकूळ मासा चघळत होता. अंगणाचा प्रसंग आला आणि त्याचं चघळणं थांबलं. पडद्यावर म्हातारा हसला, शिष्य निघून गेला, आणि म्हातारा तसाच उभा राहिला, चेहऱ्यावर पोरगा घरी आल्याचा आनंद घेऊन. तो माझा चेहरा होता, पण तसा मी आरशात कधी दिसलो नव्हतो.

दिवे लागले तरी लोक लगेच उठले नाहीत. बाहेर आल्यावर फुसाएनं विचारलं, "ते खरंच तुमच्याकडे बघत नव्हते?"

"नव्हते."

"आणि तुम्ही?"

"मी त्यांच्याकडेच बघत होतो."

तिनं माझी बाही धरली आणि नदीपर्यंत सोडली नाही. चित्रपट खूप चालला. साहेबांनी मुरोझोनोंना त्याच तलवारबाजाचा दुसरा भाग करायला तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा ते हात जोडून नाही म्हणाले.