पंचवीस मिनिटांची फेरी

“सुटली!” दाराबाहेरून अप्पांनी आवाज दिला, आणि शेफालीनं पेटीचा भाता ओढला.

सकाळचे सहा वाजत आले होते. ओट्यावर अप्पा कानटोपी घालून प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. मनगट गुडघ्यावर, घड्याळ वर. बावीस वर्षं त्यांनी एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून स्टँडवरून गाड्या सोडल्या होत्या. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली. आता त्यांना सोडायला एकच गाडी उरली होती, लेकीच्या रियाजाची.

कल्पना मूळ शेफालीची. ती भोरच्या कॉलेजात ग्रंथपाल. कुठल्याशा पुस्तकात तिनं वाचलं होतं, की तीन-तीन तास घाम गाळण्यापेक्षा घड्याळ लावून पंचवीस मिनिटं बसावं, तेवढ्यात एकाच गोष्टीचा पिच्छा पुरवावा, मग पाच मिनिटं उठावं आणि पुन्हा बसावं. घरी येऊन तिनं हे सांगितलं, तेव्हा अप्पा हसले होते.

“ही तर फेरीच की! त्याला पुस्तक कशाला लागतंय?”

तेव्हापासून रोज सकाळी तीन फेऱ्या. एका फेरीत एकच गाव, हा अप्पांचा नियम. वेळेची जबाबदारी त्यांनी आपणहून घेतली आणि शेफालीनं घेऊ दिली. लोकांना ती कौतुकानंच सांगायची, “आमच्या अप्पांना सुरातलं काही कळत नाही, पण वेळेला एकदम पक्के.”

त्या दिवशीच्या तिसऱ्या फेरीचं गाव म्हणजे एक उतरती तान. वरून सरसर खाली यायचं आणि मधेच अंगठ्यावरून बोट पलीकडे टाकायचं. नेमकी तिथं तिची बोटं अडखळत. महिन्याभरानं वाचनालयाच्या वर्धापनदिनाला तिचं पहिलं एकलवादन होतं. वीस वर्षं तिनं भजनांना आणि गाणाऱ्यांना साथ केली होती. बेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदाच पेटी बाजूला नव्हे, मधोमध ठेवली जाणार होती. तान अडखळली. पुन्हा अडखळली. किती वेळा कोण जाणे. मग एकदा स्वच्छ उतरली. लगेच दुसऱ्यांदाही उतरली. तिसऱ्यांदा घ्यायला तिनं बोटं वर नेली.

“पोचली!”

“अप्पा, आत्ता कुठं जमत होतं!”

“फेरी संपली.”

“झाली पंचवीस मिनिटं?”

“झाली की.”

ती उठून ओट्यावर आली. “रोज असंच करता तुम्ही. हात बसायला लागला रे लागला, की तुमची शिट्टी.” अप्पांनी कानटोपी कानांवर ओढली. ती जरा नरमली, पण बोलायचं ते बोललीच. “उद्यापासून मी मोबाईलवर वेळ लावते. तुम्ही कशाला थंडीत कुडकुडत बसता?”

अप्पांनी घड्याळाचा पट्टा सारखा केला. “म्हंजे मला रिटायर केलं म्हण. दुसऱ्यांदा.”

“करते ना सत्कार. नारळ देते, शाल देते.”

“शाल नको. कानटोपी बरी हाय.”

“ती कानटोपी एकदा धुवायला तरी द्या,” आतून आई म्हणाली. “लांबून वास येतोय तिचा.”

तिघंही हसले. अप्पांनी खुर्ची उचलून आत आणली, भिंतीला लावली आणि ते दूध आणायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेफालीनं मोबाईलवर पंचवीस मिनिटं लावली आणि मधे कुणाचा फोन नको म्हणून त्याचा आवाज बंद केला. अप्पांना घरात काही काम नव्हतं. ते रोजच्यापेक्षा तासभर आधीच स्टँडवर चहाला गेले. मोबाईलची वेळ संपली तेव्हा पडद्यावर स्टँडवरच्या, अप्पांच्या जुन्या ओळखीच्या मानसिंग ड्रायव्हरचे चार फोन येऊन गेलेले दिसले. ती स्टँडवर पोचली तेव्हा अप्पांना बाकावर निजवलेलं होतं आणि कुणीतरी त्यांच्या डोक्याखाली आपली पिशवी ठेवली होती.

तेरावं झाल्यावर ती पुन्हा पेटीशी बसली. पंचवीस मिनिटं लावली. चौथ्या मिनिटाला गॅस बंद आहे का ते बघायला उठली. परत आली, पुन्हा लावली. पाणी प्यायली. कुणाच्या तरी पत्राचं उत्तर राहिलंय असं वाटलं. वेळ कमी करून पंधरा केली, मग दहा. पण वाजवता वाजवता डोळे पडद्यावरच्या उलट्या धावणाऱ्या आकड्यांवर जात. कधी बोटं लागत नसताना नुसतंच रेटत राहावं लागे, कधी तानेच्या ऐन मध्यावर मोबाईल वाजे आणि ती दचके. आई दारातून डोकावून बघायची आणि परत जायची.

पुण्याहून गुरुजींचा फोन आला. “कार्यक्रमातून नाव काढायचं असेल तर तसं सांग, शेफाली. कुणी काही म्हणणार नाही. फक्त रविवारपर्यंत कळव, म्हणजे त्यांना दुसरं कुणी बघता येईल.”

“काढाच,” असं ती म्हणणार होती. म्हणाली, “कळवते.”

शुक्रवारी ती वेल्ह्याला गेली. अप्पांचं गाव तिकडचं. वडिलोपार्जित तुकड्यावर वारसनोंद करायची होती. तहसील कचेरीतलं काम दुपारीच उरकलं, पण परतीची गाडी चारची. स्टँडवर ती बसून राहू शकली नाही. तोरण्याकडे तोंड करून उभी राहिली, चालली, पुन्हा उभी राहिली. गाडी लागली, तर स्टिअरिंगवर मानसिंग.

“ताई!” तो उडी मारून खाली आला. “एकट्याच आलात? वैनी कशा हायेत?”

“बऱ्या आहेत, काका.”

“त्या दिवशी म्या लई फोन केले हो तुमाला.”

“आवाज बंद केला होता मी.”

मानसिंग मान हलवत राहिला. चार वाजून गेले. शेफालीनं दोनदा मोबाईल काढून वेळ बघितली. मानसिंग मात्र बाजाराच्या बाजूला नजर लावून उभा होता. तिकडून दोन म्हाताऱ्या डोक्यावर बोचकी घेऊन येत होत्या.

“निघायचं नाही का?”

“निघू की. त्या धोंडाबाईला चढू तर द्या. चाकाखाली घालू का तिला?” तो हसला. “साहेबांच्या हाताखालचा ड्रायव्हर हाय ताई मी. आमची वेल्ह्याची संध्याकाळची गाडी पाच-चाळीसची. आठ वर्षं नेली. घड्याळ काय बी म्हणू दे, साहेबांनी बोट वर केलं की पाच-चाळीस झाले.”

“अप्पा? ते तर वेळेचे पक्के होते.”

“कोण, साहेब?” मानसिंगनं तिच्याकडं असं पाहिलं, की जणू ती दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत होती. “घड्याळ बघायचे ते दुसऱ्याला दाखवायला. बसायचे खिडकीत आन् कान गाडीकडं. बाया चढल्या, पिशव्या सीटखाली गेल्या, भांडणं मिटली, गलका बसला, की मग बोट वर. कधी दोन मिनिटं आधी, कधी चार मिनिटं मागनं. मला म्हणायचे, मानसिंग, गलका बसला की सोडायची. मग घाटात तरास देत न्हाई.”

म्हाताऱ्या येऊन पोचल्या. त्यानं एकीचं बोचकं घेऊन वर ठेवलं आणि केबिनचं दार उघडता उघडता थांबला.

“त्या दिवशी चहा घेताना मला म्हणाले, पोरगीनं रिटायर केलं. म्हणलं, का हो? तर म्हणाले, बरोबर केलं. तिची गाडी घाटात एका वळणावर अडकायची, ती कालपास्नं निघती.” त्यानं तिच्याकडं बघितलं. “कुठली गाडी, ते काय बोलले न्हाईत. तुमी घेतली का काय एखादी?”

“नाही,” शेफाली म्हणाली. “नाही घेतली.”

गाडीत तिला खिडकीजवळची जागा मिळाली. मग पर्समधून मोबाईल काढला. गुरुजींना पाठवण्यासाठी ती रोजची शेवटची फेरी त्यावर ध्वनिमुद्रित करत असे. अप्पा गेल्यापासून ती यादी तिनं उघडली नव्हती. उघडली तेव्हा काही ऐकावंच लागलं नाही. तारखांपुढं आकडे होते. अठरा मिनिटं. एकतीस. बावीस. सव्वीस. सोळा. तिनं बोटानं यादी वर सरकवली, डिसेंबर गेला, नोव्हेंबर गेला. पंचवीसचा आकडा चुकूनमाकून एखादा.

नसरापूरला गाडी थांबली. शेंगावाला चढला, उतरला. तिनं कानात इअरफोनची बोंडं घातली आणि अप्पांनी सोडलेल्या शेवटच्या फेरीच्या तारखेवर बोट ठेवलं. पुढं लिहिलं होतं, एकोणचाळीस मिनिटं.

तान अडखळत होती. अडखळत होती. पंचवीस मिनिटं झाली, तीस झाली, बाहेर कुणी हलत नव्हतं. फक्त मधेच एकदा खोकल्याचा आवाज आला, तोही दाबलेला. छत्तिसाव्या मिनिटाला बोटं चिडून नुसती आपटत होती, ते तिला आता स्पष्ट ऐकू आलं. मग तान उतरली. मग पुन्हा उतरली. आणि खुर्ची करकरली.

“पोचली!”

तिनं आदल्या दिवसाची लावली. तीही अशीच संपत होती, तान दुसऱ्यांदा स्वच्छ आल्यावर. त्याच्या आदल्या दिवशी सोळा मिनिटांतच जमलं होतं, तर सोळाव्या मिनिटालाच. तिनं अकरा फेऱ्यांचे शेवट ऐकले. कुठल्याच दिवशी तिचा हात चुकीवरून उठला नव्हता. तिला वाटायचं, सकाळी बसलं की काल सोडलेलं बोटांत जागच्या जागी सापडतं, ही पुस्तकातल्या पद्धतीची करामत.

भोरला उतरून ती घरी आली तेव्हा आई कणीक मळत होती.

“झाली का नोंद?”

“झाली,” ती म्हणाली. हातपाय धुतले आणि सरळ पेटीशी बसली. मोबाईल पर्समध्येच राहिला. तिनं भाता ओढला आणि तान घेतली.

अंगठा अडकला. तीन आठवड्यांची सुटलेली सवय होती. तिनं पुन्हा घेतली, आणि पुन्हा. एकदा तिला उठावंसं वाटलं, गुडघा हललाही. ती उठली नाही. बाहेर कुणाची तरी दुचाकी सुरू झाली आणि लांब गेली. किती वेळ झाला ते तिनं बघितलं नाही. मनगट दुखायला लागलं, तेव्हा तिनं तान अर्ध्या लयीत घेतली, मग थोडी वाढवली. मग ती उतरली. वरपासून खालपर्यंत, एकही पायरी न गाळता. शेफालीनं श्वास सोडला आणि तशीच पुन्हा घेतली. पुन्हा उतरली.

तिचा हात पट्ट्यांवरून उठला. आतला परातीचा आवाजही थांबला होता.

वीस वर्षं घरी आलेल्या प्रत्येकाला तिनं एक प्रश्न विचारला होता. गुरुजींना, भजनी मंडळातल्या लोकांना, एकदा तर मीटर बघायला आलेल्या माणसालाही. घरातल्या एकालाच तो विचारायचा राहिला होता. ती दाराकडे वळून बसली.

“अप्पा,” ती म्हणाली, “कसं वाजलं?”