एका नळीवरची पाच घरं

आमच्या इमारतीत पाच घरांचा जीव एकाच नळीला टांगलेला आहे. गरम पाणी स्वयंपाकघरांतून पाचव्या मजल्यापर्यंत चढतं आणि झोपायच्या खोल्यांतून खाली उतरतं. मध्ये एकाने घोळ घातला की पाचही घरं गार. आणि कुणीतरी घोळ घातला होता! बाहेर उणे पंचवीस, माझ्या लेकीचं, झनारचं बाळ अठरा दिवसांचं, आणि त्यांच्या खोलीतला रेडिएटर तीन दिवस थंडगार. चाळीस दिवस होईपर्यंत बाळाला उंबरठ्याबाहेर काढायचं नाही, त्यामुळे दुसरीकडे हलवायचीही सोय नाही. पोरीने त्याला कोटाच्या आत छातीशी धरून दिवस काढले.

बरं, रेडिएटर काही ऐरागैरा नव्हता. ऑगस्टमध्ये दुकानात जावई ॲल्युमिनियमच्या चकचकीत रेडिएटरपाशी जाऊन उभा राहिला. "हलके असतात, अपा." आमच्याकडे थोरल्या बाईला अपा म्हणतात.

"हलकी माणसंही असतात," मी म्हटलं. "बीड उशिरा तापतं, पण तापलं की ऊब धरून ठेवतं."

दोन्ही खोल्यांना बिडाचेच घेतले, सात-सात कप्प्यांचे. चौघांनी कण्हत दुसऱ्या मजल्यावर चढवले. शेगडी पेटली की स्वयंपाकघराची भट्टी होते, म्हणून तिथल्या रेडिएटरला मी बंद करायचा नळ मागितला. रिनात प्लंबर म्हणाला, "अपा, नळ हवा तर बाजूने एक आडवी नळी टाकावी लागेल."

"टाक की, दहा टाक! बिल फुगवायला बरं!" मी त्याला असा झापला की तो गुपचूप नळ बसवून, हत्यारं आवरून गेला.

आमच्याकडे शेजाऱ्याला दम द्यायचा तर नळीवर ठोकतात. मी तीन दिवस पळीने नळी बडवली. वरून कुणी हूं की चूं केलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी बाळ शिंकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, वरपासून एकेकाला धरते. पळी घेऊन तशीच पाचव्या मजल्यावर गेले.

तिथे एमा फ्रांत्सेव्ना एकटी राहते, वय एक्याऐंशी. तिने दार उघडलं तेव्हा अंगात कोट, पायात लोकरी बूट, डोक्याला शाल.

"पाणी कुणी बंद केलंय?" मी कडाडले. "नाव सांगा फक्त, आज त्याची चामडी लोळवते!"

"ओरडू नको, कुल्याश. मी तुझ्याकडेच निघाले होते."

"माझ्याकडे? ते कशाला?"

"शुक्रवारी तू बाउरसाकचे गोळे तळलेस ना? जिनाभर वास सुटला होता. तेव्हा तो नळ बंद केलास?"

"केला. उकडत होतं मला. माझा रेडिएटर, माझा नळ!"

"तुझ्या रेडिएटरला आडवी नळी नाही. तू नळ बंद केल्यावर पाणी पुढे जाणार कुठून? रिनातने ऑगस्टमध्येच आम्हा सगळ्यांना सांगितलं होतं."

"मग तीन दिवस बोलला का नाहीत? खाली माझं तान्हं पोर कुडकुडतंय!"

"तुला कोण सांगणार, बाई? तुझं पाणी खाली गळतंय म्हणाला म्हणून गेल्या वर्षी तू खालच्या मजल्यावरच्या साकेनच्या मेलेल्या आईचाही उद्धार केलास. काल आम्ही चारही घरांनी टोपीत चिठ्ठ्या टाकल्या, तुझ्याकडे कुणी जायचं म्हणून. माझी निघाली. सकाळपासून तयार होऊन बसलेय, धीर होईना."

थंडीत तीन दिवस काढलेली ती म्हातारी थंडीपेक्षा मला घाबरली होती. मी खाली आले आणि नळ उघडला. नळीत गडगड झाली. संताप तर अजून होताच, पण काढू कुणावर? रिनातवर काढून पाहिला. मेला जरा जोरात बोलला असता तर! पण जमेना.

दुपारपर्यंत बीड तापलं. झनारने बाळाला कोटातून बाहेर काढलं, तसे त्याने पाय ताणले. तेवढ्यात वरून नळीवर टकटक झाली, दोनदा, हळू. पाचव्या मजल्यापर्यंत ऊब पोचली होती.

झनारने चटकन पळी उचलून पाठीमागे लपवली. "आई, आता काही करू नको हं."

मी बोटाच्या पेराने दोनदा वाजवलं.