फेटनीचा मागचा आस

बायको शेवंती गेल्याचं धर्माला कळलं ते परळच्या गाडीखान्यात, भर दुपारी. एका बग्गीखाली उताणा पडून तो कमान बसवत होता. शेजारचा गुणाजी आला, वाकला आणि म्हणाला, “धर्मा, बाहेर ये.” एवढ्यावरून त्याला कळलं. सकाळी तिला ताप होता, काखेत गाठ आली होती, तरी “मी झोपते, तू जा,” म्हणून तिनेच त्याला कामावर घालवलं होतं.

त्या वर्षी गाठीच्या तापाने मुंबई रिकामी केली होती. लालबागच्या त्यांच्या चाळीत खोलीखोलीला कुलपं होती. माणसं बोटी धरून कोकणात गेली होती. शेवंतीला न्यायला खांदे मिळेनात. धर्मा, गुणाजी आणि चाळीतले म्हातारे अप्पा, असे तिघेच. गुणाजी चौथ्याच्या शोधात गल्ल्या हिंडून आला. दारं उघडत, काय ते ऐकून घेत आणि हळूच लागत. शेवंती तिरडीवर बांधलेली. तिच्या पायांवरचं ऊन तोंडापर्यंत आलं आणि धर्मा तिच्यावरच्या माश्या वारत बसला. शेवटी वरळीचा एक कोळी, लहू त्याचं नाव, जाळ्याचं सूत घेऊन रस्त्याने चालला होता, तो थांबला. कोण, कुठली, काही विचारलं नाही. सूत पायरीवर ठेवलं आणि खांदा दिला.

बायको मेली हे धर्मा सोसत होता. ती तशी पडून राहिली हे मात्र त्याला सोसवेना. घास उचलला की त्या माश्या दिसत.

तेरावं झाल्यावर तो कामावर गेला आणि संध्याकाळी चाळीच्या ओट्यावर त्याने मनातलं सांगितलं. एक हलकी हातगाडी करायची. माणसं कमी पडली तर दोघांनाही प्रेत नेता आलं पाहिजे. चाळीसाठी, आजूबाजूच्यांसाठी.

अप्पा ऐकत होते. ते म्हणाले, “म्हणजे कापसाच्या गाठी नेतात तशी माणसं न्यायची?”

“नेणारे नसतील तर काय करायचं, अप्पा?”

“थांबायचं. माझ्या बापाला मी खांद्यावरून नेला. मला कोणी गाडीवर घातलेलं चालायचं नाही, आत्ताच सांगून ठेवतो.”

“मग तुम्ही मरूच नका,” गुणाजी म्हणाला.

“तेच करणार आहे. तुला पोचवूनच जाईन.”

धर्मा मात्र दुसऱ्या दिवसापासून गाडीसाठी सामान शोधू लागला.

गाडीखान्याच्या मागच्या अंगणात गिरगावच्या एका शेटची फेटन येऊन पडली होती. दोन घोड्यांची, शर्यतीत पळवायला केलेली हलकी गाडी. त्या फेटनीतून घरातला दुखणाईत माणूस नेला होता, तो वाचला नाही, आणि मग तिच्यात कोणी बसेना. शेटने ती मोडून विकायला सांगितली. चाकं, कमानी, दिवे, गाद्या, सगळं जुन्या सामानाच्या एका बोहरी व्यापाऱ्याने घेतलं होतं; त्याला सगळे चाचा म्हणत. धर्माने मुकादमाकडून फक्त मागचा आस मागून घेतला. दोन चाकांच्या मधला तो लोखंडी दांडा बारीक होता, पण कशालाही वाकणारा नव्हता. टोकांना आत तेल राहत असे, त्यामुळे चाक बिनआवाजी फिरे. करकरणाऱ्या गाडीवरून बाईमाणसाला न्यावं हे धर्माला पटत नव्हतं. चाकं तो साधी बसवणार होता.

“आज चाचा सामान न्यायला येणार आहे,” मुकादम म्हणाला. “तो येईपर्यंत निघाला तर तुझा. नाही निघाला तर तो चाकांसकट नेईल. मग मला सांगू नकोस.”

गाडीखान्यातही माणसं उरली नव्हती. धर्माने वरळीला निरोप धाडला आणि लहू आला. गाडी उचलून धरायला आणखी हात नव्हते, म्हणून दोघांनी ती कलंडवून पालथीच घातली. चाकं वर, बैठक खाली.

“आमी होडी अशीच पालथी घालतो,” लहू म्हणाला. “डांबर लावायला.”

“होडीला नट नसतात.”

“म्हनून ती बुडते तवा सगली एकदम बुडते.”

धर्मा गाडीच्या मागे उभा राहिला, उजव्या हाताचं चाक धरलं, चाकाच्या मधल्या तुंब्यावरचं पितळी टोपण काढलं आणि नटाला पाना लावला. नट हलेना. त्याने पान्याला नळी जोडली आणि लहूला लोंबकळायला सांगितलं. नट कुरकुरला, थोडा फिरला आणि दगडासारखा बसला.

“अजून जोर कर,” धर्मा म्हणाला.

“करतो, पन हा सुटतोय का बसतोय?”

धर्मा थांबला. पालथ्या बैठकीच्या कडेला चाबूक खोचायची नळी होती. ती गाडीवानाच्या उजव्या हाताला असते. आता ती धर्माच्या डाव्या हाताला दिसत होती. गाडी पालथी होती आणि तो ज्याला उजवं म्हणत होता ते चाक डावं होतं. डाव्या चाकाचे आटे उलटे पाडतात, नाहीतर धावताना चाक आपलाच नट सैल करत नेतं. तो नट उलटा फिरवून काढायचा असतो. कामावर नवा माणूस आला की धर्मा त्याला पहिली हीच गोष्ट सांगे. आणि आज त्याने पान्याला नळी लावून, दोन माणसांच्या जोराने, तो नट आवळला होता.

तो जमिनीवर बसला. लहूने पाना उचलून धर्माच्या हातात दिला आणि म्हणाला, “दुसऱ्या बाजूचं तर काढू.”

उजवं चाक पटकन निघालं. कमानींना आस धरून ठेवणाऱ्या कड्याही त्यांनी सोडवल्या. मग पुन्हा त्या नटाकडे. निखाऱ्यांची पाटी जवळ आणली, नट तापवला, तेल सोडलं. जास्त तापवला तर आसाचं टोक मऊ पडणार. जोरात ठोकला तर आटे जाणार. उन्हं कलली होती. चाचा बैलगाडी घेऊन आला आणि दारापाशी बसून पाहत राहिला.

तेवढ्यात अप्पा आले. लालबागहून चालत आल्याने त्यांना धाप लागली होती. ते आधी त्या पालथ्या फेटनीकडे बघत उभे राहिले.

“निघाला का तो आस?” त्यांनी विचारलं.

“एक बाजू राहिलीय. का?”

“राधाबाई गेली. तळमजल्यावरची. गुणाजी बसलाय तिच्यापाशी.” अप्पांनी पंच्याने तोंड पुसलं. “दुपारपासून पडलीय ती, धर्मा. मी सगळीकडे जाऊन आलो.”

धर्माने हातातल्या पान्याकडे पाहिलं. नट अजून ऊन होता. निवला की पुन्हा पहिल्यापासून.

“आम्ही दोघं, तुम्ही आणि गुणाजी,” तो म्हणाला. “चौघं झालो.” आणि पाना खाली ठेवला.

“आणि हे?” लहूने विचारलं.

“जाऊ दे.”

चाचा उठला. “ही बाजू अशीच राहू दे,” तो म्हणाला. “निघालेलं मी आज नेतो. तू आस काढून घेतलास की या चाकाला मी येईन. घाई नाही.”

राधाबाई अंगाने अगदी हलकी होती. तरी निम्म्या वाटेवर अप्पा थांबले. खांदा बदलून घेताना त्यांनी हळूच विचारलं, “केवढी उंच होईल रे तुझी गाडी?”

“कमरेएवढी.”

“बरं,” अप्पा म्हणाले, आणि ते पुढे चालू लागले.

डावं चाक निघायचं बाकी होतं.