पाचव्या कोटाचा उजवा खांदा

मंगळवार, ९ ऑक्टोबर २०१८, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. माझ्या कपाटात या क्षणी सूट चार, बुटांचे जोड पाच, आणि पाचव्या हँगरवर कच्च्या शिलाईची चाचणी सोडली तर कोणीही न घातलेला एक फिकट करडा कोट.

चार सूट जमवायला मला एकतीस वर्षे लागली; घाईने एकही घेतलेला नाही. तंत्रनिकेतनात आम्हाला शिकवले होते की हत्यारपेटी एका दिवसात भरू नये. जे काम समोर येईल त्याचे हत्यार घ्यावे, आणि घ्यायचे तर जन्मभर पुरेल असे घ्यावे. कपाटाला मी तोच नियम लावला. पहिला सूट गडद निळा, कारण तो मुलाखतीपासून सत्कारापर्यंत कुठेही चालतो. दुसरा कोळशाच्या रंगाचा. तिसरा बारीक रेघांचा, टूलरूमच्या तपासणी विभागाचा प्रमुख झालो त्या वर्षी. चौथा तपकिरी, जाड लोकरीचा, थंडीसाठी. बुटांत आधी काळे, मग तपकिरी. एकच जोड लागोपाठ दोन दिवस घालायचा नाही, आणि पायातून निघाला की आत लाकडी साचा गेलाच पाहिजे. माझा सर्वांत जुना जोड एकोणतीस वर्षांचा आहे. त्याचा तळ तीनदा बदलला, वरचे कातडे मूळचेच.

"माझ्या अख्ख्या संसाराला दोन खण," पत्नी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "आणि यांच्या पायांना स्वतंत्र दालन!"

कपाटात उणीव होती ती फक्त उन्हाळ्यात वापरायच्या हलक्या सुटाची. त्याची पँट मास्तरांनी आधीच शिवून दिली होती; कोट माझ्या लेकीने बेतला होता.

लेकही माझ्याच तंत्रनिकेतनात शिकली. दोन वर्षे कारखान्यात चांगली नोकरी केली आणि एके दिवशी राजीनामा देऊन माझ्या शिंपीमास्तरांच्या दुकानात काजे करायला जाऊन बसली. नातेवाइकांनी तोंडात बोटे घातली. "इंजिनियर होऊन सुईदोरा?" असे माझ्या थोरल्या भावाने विचारले, तेव्हा मी एवढेच म्हणालो, "तिथेही मिलिमीटर चालतात, दादा." मनातून मात्र मी तीन वर्षे जिवाला घोर लावून घेतला होता.

मास्तरांची नजर आता अधू झाली होती. बेतण्याच्या टेबलावर नवा हात बसवायचा होता, आणि त्यासाठी त्यांनी लेकीची परीक्षा ठेवली. तिने एक कोट पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीने करायचा. तो गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायचा. जिथे चूक दिसेल तिथे मास्तर खडूची रेघ ओढणार. तीन रेघांपर्यंत माफी. चौथी पडली की टेबल बाहेरच्या कटरला आणि लेक पुन्हा काजांना. गिऱ्हाईकही मास्तरांनीच ठरवले. "सगळ्यांत कटकटं गिऱ्हाईक तुझ्या घरातच आहे," ते तिला म्हणाले.

तिने माझे माप घेतले तेव्हा मी नेहमीप्रमाणे टाचा जुळवून, छाती काढून, काटकोनात उभा राहिलो.

"बाबा, श्वास सोडा."

"सोडलाय."

"कधी? गेल्या वर्षी?"

त्यानंतरचे चार रविवार ती मी बुटांना पॉलिश करताना समोर वही घेऊन बसत असे. मला वाटले, पोरीला अखेर पॉलिशची गोडी लागली.

काल संध्याकाळी शेवटची काजे करण्यासाठी तिने कोट घरी आणला होता. काखेखालचे अस्तर अजून कच्च्या टाक्यांवर होते. ते ती दुकानात पक्के करणार होती. ती अजून झोपलेली होती. मला मात्र मोजण्याची चौतीस वर्षांची सवय. मी कोट हँगरवर सरळ केला, बुडबुड्याची लेव्हल लावली आणि दोन्ही खांद्यांची उंची मोजली. मग पुन्हा मोजली. उजवा खांदा डाव्यापेक्षा बारा मिलिमीटर खाली होता.

मी जुने चारही कोट काढून मोजले. चारही दोन्ही बाजूंनी सारखे.

अकरा वाजता परीक्षा. तिला उठवून सांगितले तर ती अख्खा खांदा उसवत बसणार. न सांगितले तर पहिली रेघ खांद्यावरच पडणार. मी विचार केला आणि बुटांच्या खणातून पॉलिशचा नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा तुकडा, काढला. चार मिलिमीटर जाडीचा; तीन पदर म्हणजे बरोबर बारा. काखेखालचे चार टाके उसवून ते पदर उजव्या खांद्यात सरकवले आणि टाके परत घातले. पुन्हा लेव्हल लावली. बुडबुडा मध्यावर. मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटली.

अकराला पाच मिनिटे असताना आम्ही दुकानात पोचलो. इस्त्रीच्या वाफेचा वास, भिंतीला तीन पाखांचा आरसा, आणि मध्ये ते टेबल, ज्याच्या कडा मास्तरांच्या पोटाने गुळगुळीत झाल्या आहेत. लेकीने अस्तराची कडा पक्की केली आणि कोट मास्तरांच्या हाती दिला.

"या, मायक्रॉनसाहेब," मास्तर म्हणाले. कारखान्यातले माझे हे टोपणनाव त्यांच्यापर्यंत कसे पोचले, देव जाणे. "पोट खरंच कमी झालंय, की आजच्यापुरतं आत ठेवलंय?"

"आजच्यापुरतं," लेक म्हणाली.

कोट अंगावर चढला. मास्तर मागे गेले. मग मानेजवळ खडू करकरला. "कॉलर मानेपासून बोटभर सुटलीय. एक." ते पुढे आले. "खांद्यापासून छातीपर्यंत तिरकी घडी. दोन." त्यांनी माझा उजवा हात उचलून सोडला. "बाही वर चढलीय. तीन. इंजिनियरबाई, हे काय बेतलंय?"

लेकीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. "मास्तर, कच्च्या शिलाईत हा कोट नीट बसत होता. तुम्हीच बघितलात."

"बघितला म्हणूनच विचारतोय." मास्तर वाकले. उजव्या बाजूचा घेर डावीपेक्षा वर उचलला गेला होता, हे आरशात मलाही दिसत होते. खडू कापडापाशी पोचला.

लेक पुढे झाली. तिने माझ्या उजव्या खांद्यावर तळवा ठेवला आणि दाबला. "इथं काहीतरी आहे," ती हळूच म्हणाली. "मी ठेवलेलं नाही."

"थांबा, मास्तर," मी म्हणालो. माझ्या आयुष्यात तपासणीचा शेरा मी कधी इतक्या खालच्या आवाजात दिला नसेल. "सकाळच्या तपासणीत बारा मिलिमीटरचा फरक आढळला. मी तो दुरुस्त केला."

"तुम्ही?"

"नमदा घालून."

मास्तरांनी खडू खाली घेतला. "अंगावर न घालताच तपासलात? साहेब, टूलरूममध्ये किल्ली कुलपात न घालताच पास करायचात का?"

लेकीने कोट उतरवला, पात्याने अस्तर उघडले आणि नमद्याचे तीन पदर टेबलावर ठेवले. त्यांना अजून काळ्या पॉलिशचा वास येत होता.

"बाबा, मापाच्या वेळी तुम्ही पुतळ्यासारखे उभे राहता," ती म्हणाली. "म्हणून मी तुम्हाला बूट पुसताना मोजलं. चार रविवार. तुमचा उजवा खांदा बारा मिलिमीटर उतरलाय."

"जुने चार कोट तर सरळ आहेत!"

मास्तर हसले. "सरळ असणारच. चारही वेळा मी उजव्या खांद्यात कापूस कोंबला. गिऱ्हाइकाला आपण सरळ आहोत असं वाटत असेल तर शिंप्यानं कशाला भांडायचं?"

"वर्षानुवर्षं व्हाइसपुढे उभं राहून कानस चालवलीत," लेक म्हणाली. "खांदा त्यानंच उतरलाय. मला नाही तो कापसानं भरायचा."

तिने अस्तर टाचले आणि कोट पुन्हा माझ्या अंगावर घातला. सवयीने मी छाती काढली.

"ताठ नको, बाबा. बूट पुसताना असता तसे."

मी श्वास सोडला, या वेळी खरोखर. कॉलर मानेला येऊन टेकली. तिरकी घडी नाहीशी झाली. कोट इतका हलका होता की तो अंगावर आहे की नाही ते पाहण्यासाठी मी आरशाकडे वळलो. तिथे एक वयस्क तंत्रज्ञ उभा होता. त्याचा एक खांदा उघडपणे उतरलेला होता आणि त्यावर कापड असे पडले होते जणू तो खांदा तसाच असायला हवा. एकतीस वर्षांत माझ्या कपाटात इतकी अचूक वस्तू आलेली नाही. हे मी वडील म्हणून नव्हे, तपासणी-प्रमुख म्हणून लिहीत आहे. वडील म्हणून मला त्या वेळी चष्मा पुसावा लागला.

मास्तरांनी ब्रशने कॉलरवरची रेघ झटकली, मग छातीवरची, मग बाहीवरची. दोनदा माझ्याभोवती फिरले. अखेर डाव्या मनगटापाशी थांबून त्यांनी खडू टेकवला. "ही बाही पाच मिलिमीटर लांब आहे. आणि हे नमद्यावर ढकलता यायचं नाही."

"नाही, मास्तर. ती माझीच चूक," लेक म्हणाली.

त्यांनी भिंतीवरची मोठी कात्री उतरवून टेबलाच्या तिच्या बाजूला ठेवली. "उद्यापासून नऊला यायचं. साडेनऊला नाही."

कोट अंगातून न काढताच मी घरी आलो. पायांत एकोणतीस वर्षांचा काळा जोड होता, आणि वाटेत दोन ओळखीच्यांना मी स्वतःहून थांबवले. नमदा परत बुटांच्या खणात ठेवला. सूट पाच झाले. खडूच्या रेघा : एक.