कार्डाची मागची बाजू

मित्रांनो, कॉफी घेताना साखरेची पुडी काढायला तुम्ही जो खण ओढता, तो माझा आहे. मी एक जुने कपाट आहे, साठ खणांचे. प्रत्येक खणाला पितळी कडी आणि कडीखाली एक छोटी चौकट. त्या चौकटींत आता 'साखर', 'झाकणे', 'ढवळायच्या काड्या' अशा चिठ्ठ्या लावल्या आहेत. पूर्वी तिथे अक्षरे होती. या विद्यापीठाच्या ग्रंथालयात कोणते पुस्तक आहे आणि ते कुठे आहे, हे सांगणारी सगळी कार्डे माझ्या पोटात होती.

मला घडवणारा सुतार मोजक्या शब्दांचा माणूस होता. एक कोरे कार्ड खिशात घालून तो महिनाभर काम करत होता. प्रत्येक खणात ते घालून बघायचा आणि काढून घ्यायचा. शेवटच्या दिवशी त्याने ग्रंथपालांना विचारले, "यात पुस्तकं मावणार नाहीत, हे माहीत आहे ना?"

"यात फक्त नावं राहणार. पुस्तकं आत."

"मग हे कपाट नाही, दार आहे," तो म्हणाला आणि हत्यारे गोळा करून गेला. मला ते इतके आवडले की पुढे कित्येक वर्षे मी स्वतःला दारच समजत होते.

मी उभे राहिल्यावर दोनच वर्षांनी टोकबाई आल्या. खरे नाव वेगळे होते, पण त्यांच्या कानामागे सदैव एक टोकदार पेन्सिल असायची आणि बोलणेही तिच्यासारखेच, म्हणून सगळे त्यांना टोकबाई म्हणत. कार्डाच्या पुढच्या बाजूला शाईने पुस्तकाचे नाव, लेखक आणि क्रमांक लिहायचा, त्यापलीकडे एक टिंबही काढायचे नाही, असा ग्रंथालयाचा नियम होता. टोकबाई नियम पाळणाऱ्या होत्या. म्हणून त्या मागच्या बाजूला लिहीत.

'नाव तळ्यांचे आहे, पण पुस्तक खरे साथीच्या रोगांचे.' 'पाने ४० ते ५६ कोणीतरी फाडली. ते प्रकरण दुसऱ्या आवृत्तीत मिळेल.' 'लेखक चुकतो, पण त्याची चूक वाचण्यासारखी आहे.' पुस्तक घ्यायला आलेल्या प्रत्येकाला त्या एकच विचारायच्या, "कार्ड उलटून बघितलंस का?" हळूहळू तो इथला रिवाज झाला. मागच्या ओळीमुळे ज्याचे काम सोपे होई, तो पुढच्यासाठी स्वतःची एक ओळ तिथे लिहून जाई. कोणी सही करत नसे. आठ-दहा वर्षांत माझ्या कार्डांच्या पाठी अशा भरून गेल्या की पुढच्या बाजूपेक्षा मागेच जास्त शहाणपण होते. हे मी बढाई मारून सांगत नाही. बाहेरून आलेले प्राध्यापक माझ्यासमोर पाऊण-पाऊण तास उभे राहायचे आणि मग हसत टोकबाईंना म्हणायचे, "पुस्तक राहू द्या, कार्डच द्या." तेव्हा माझी छाती फुलायची.

अशातच एके दुपारी एक मुलगी दार आपटून आत आली. इतक्या जोरात, की माझे दोन खण आपोआप पुढे आले. टोकबाईंनी तिचे नाव तिथल्या तिथे 'वादळ' ठेवले. शहरातल्या जुन्या विहिरींवर तिला संशोधन करायचे होते, पण मार्गदर्शकांनी सांगितले होते की या विषयावर काही साहित्यच नाही, नाद सोड. घरी मामा वाटच बघत होता, ही परत आली की दुकानात बसवायला.

"एकच पुस्तक आहे, आणि तेही भिकार," वादळ रडकुंडीला येऊन म्हणाली.

"भिकार आहे खरं. कार्ड उलटून बघितलंस का?"

तिने उलटले. मागे लिहिले होते, 'पुस्तक सामान्य. पण याच लेखकाने विहिरीविहिरीवर जाऊन हाताने लिहिलेल्या अकरा वह्या तळघरात आहेत, नकाशांच्या पेटीमागे. आजवर कोणी मागितल्या नाहीत.'

त्या अकरा वह्यांवर वादळाचा प्रबंध उभा राहिला. पदवी मिळाली त्या दिवशी ती पेढे वाटायला आधी विभागात न जाता माझ्याकडे आली, त्या कार्डामागे तिने लिहिले, 'वह्या सापडल्या. नवव्या वहीपासून सुरुवात करा.' मग माझ्या माथ्यावर हात ठेवून म्हणाली, "मी आहे तोवर तुला इथून कोणी हलवणार नाही." मित्रांनो, लाकडाला शब्द कळत नाहीत असे तुम्हाला वाटते. ते शब्द मी पंचवीस वर्षे जपले.

त्या पंचवीस वर्षांत बरेच बदलले. कॉम्प्युटर आला तेव्हा मी कपाळाला आठ्या घातल्या नाहीत. तोही माझ्यासारखा दारच होता. पण पुढे निवृत्त झालेल्यांच्या खुर्च्या रिकाम्याच राहू लागल्या. तासिकेवर नेमलेले शिक्षक एका वर्गातून निघून धापा टाकत दुसऱ्या संस्थेत पळू लागले. विद्यार्थी घरूनच मोबाइलवर व्याख्याने बघत, आणि काही प्राध्यापक उंटावरून शेळ्या हाकाव्या तसे कॅमेऱ्याकडे बघून शिकवत. ज्या विषयांना नोकरी चिकटलेली नाही, ते विषय एकमेकांत मिसळून टाकले जात. दूरदेशांहून आलेले पाहुणे माझ्यापाशी उभे राहून चहा पीत आणि प्रत्येक जण आपापल्या उच्चारात एकच सांगे, "आमच्याकडेही हेच चाललंय." घरोघरी मातीच्या चुली, त्यातलाच हा प्रकार. मी मात्र निर्धास्त होते. कारण एके सकाळी बातमी आली, की वादळ कुलगुरू झाली.

टोकबाईंनी त्या दिवशी माझ्या साठही कड्या चकचकीत घासल्या. "आता काळजी नाही," त्या मला म्हणाल्या. निवृत्तीला त्यांचे दोन महिने उरले होते.

कुलगुरू झाल्यावर महिनाभराने वादळ ग्रंथालयात आली. या वेळी दार आपटले नाही. सोबत कार्डांचे फोटो घेऊन ती कॉम्प्युटरवर चढवणाऱ्या कंपनीचा माणूस होता. एकवीस दिवसांनी मूल्यांकन समिती येणार होती आणि तोवर सगळी कार्डे कॉम्प्युटरवर जायला हवी होती. दोन्ही बाजू घेतल्या तर दुप्पट दिवस लागतील, असे तो माणूस म्हणाला.

"मग फक्त पुढची बाजू घ्या," वादळ म्हणाली.

टोकबाई खुर्चीतून उठल्या. "आणि मागची?"

"मागची नंतर करू, बाई."

"नंतर म्हणजे कधी? मी महिन्याभरात घरी."

"समितीच्या फॉर्ममध्ये मागच्या शेऱ्यांना रकाना नाही. श्रेणी घसरली तर तीन विभाग बंद होतील. त्यात आपला इतिहास विभागही आहे. मी काय वाचवू, सांगा तुम्ही."

टोकबाईंनी कार्डांचा एक गठ्ठा हातात घेतला होता, तो तसाच राहिला. "यातल्या एका कार्डावर तुमचं अक्षर आहे."

"माहीत आहे मला," वादळ म्हणाली.

मित्रांनो, तिला माहीत नसते तर मी समजून घेतले असते. दुसऱ्या कोणी हे केले असते तर मी अडाणीपणा म्हणून सोडून दिले असते. पण मागच्या बाजूला काय असते हे साऱ्या विद्यापीठात जिला सर्वांत चांगले ठाऊक होते, तिनेच केसाने माझा गळा कापला.

एकवीस दिवसांत फोटो काढून झाले. कार्डांचे गठ्ठे कचेरीत गेले आणि तिथे ती मधोमध कापून चिठ्ठ्या करायला वापरली. टोकबाईंचा निरोप समारंभ माझ्याशेजारीच झाला. जाताना त्यांनी कानामागची पेन्सिल काढून माझ्या एका रिकाम्या खणात ठेवली आणि खण हळूच लोटला. त्यांच्या जागी कोणी आले नाही.

समितीने चांगली श्रेणी दिली. दोन वर्षांनी तिन्ही विभाग तरीही बंद झाले. तेलही गेले, तूपही गेले, आणि हाती राहिले ते धुपाटणे म्हणजे मी. ग्रंथालयाच्या पुढच्या भागात कॉफीचा कोपरा झाला, तेव्हा 'जुने दिसते, शोभेल' म्हणून मला तिथे आणून उभे केले. तळघरात व्याख्याने चित्रित करायची खोली करायची ठरली. कॉम्प्युटरवर ज्याची नोंद नाही ते भंगार, असा आदेश निघाला. अकरा वह्यांची नोंद कुठे होती, ते तुम्हाला आता माहीतच आहे.

माझी गोष्ट इथे संपली असती तरी चालले असते. पण गेल्या वर्षी तासिकेवर शिकवणाऱ्या एक मॅडम माझ्याशेजारच्या टेबलावर बसू लागल्या. चाळिशीच्या असतील. तीन ठिकाणी शिकवून उरलेल्या वेळात त्या प्रबंध लिहीत होत्या, शहरातल्या विहिरींवर. प्रबंध मान्य झाला तरच त्यांना कायमची जागा मिळण्याची आशा होती. वादळाचा जुना प्रबंध त्यांना तोंडपाठ होता, आणि त्यांचे सर्वांत मोठे प्रकरण त्याच्याच आधाराने उभे होते.

एका संध्याकाळी कुलगुरू कॉफी घ्यायला आल्या, तेव्हा मॅडम हातात पत्र घेऊन उठल्या.

"बाहेरच्या परीक्षकांचं आहे. ते म्हणतात, अशा अकरा वह्या कुठल्याच यादीत नाहीत. हल्ली यंत्राला विचारलं की ते खोटे संदर्भ रचून देतं, तसंच मीही केलंय, असं त्यांना वाटतंय. तुमचा प्रबंध दाखवला, तर म्हणाले, मूळ वह्या दाखवा." त्यांनी पत्र कुलगुरूंपुढे धरले. "मॅडम, वह्या होत्या ना?"

"होत्या. मी त्यांच्यासोबत तीन वर्षं काढली आहेत."

"मग तेवढं लिहून द्याल? आणि आता त्या कुठे आहेत, तेही."

वादळाने कपावर झाकण बसवले. "उद्या देते," ती म्हणाली.

मॅडम गेल्यावर कोपऱ्यात कॉफीवाल्याशिवाय कोणी उरले नाही. वादळ माझ्यासमोर आली आणि तिने माझा 'व'चा खण ओढला. आत साखर होती. शेजारचा ओढला. त्यातही साखर. पुढच्यात झाकणे. असे करता करता एका खणात तिला टोकबाईंची पेन्सिल मिळाली. कॉफीवाल्याने तिची ऑर्डर लिहून कपाखाली ठेवलेली चिठ्ठी तिने सवयीने उलटली. तीही कचेरीतून इथे आलेल्या, कापलेल्या कार्डाचीच होती आणि तीत टोकबाईंच्या अक्षरातली अर्धी ओळ होती, 'हे एकट्याने वाचू नये, सोबत'. पुढचा भाग कापलेला.

"याचा दुसरा तुकडा आहे का?" तिने विचारले.

"असेल कुठेतरी. त्याच्यावर कालच कुणाची तरी ऑर्डर लिहिली असेल," कॉफीवाला म्हणाला.

तिने त्या अर्ध्या ओळीखाली पेन्सिलने लिहिले, 'वह्या खऱ्या होत्या. नोंद फक्त कार्डामागे होती, हे मला ठाऊक होते. तरी मी त्या जाऊ दिल्या.' खाली तिने सही केली. या रिवाजात सही करणारी ती पहिलीच.

माझा जीव भांड्यात पडला. वाटले, तीस वर्षांपूर्वीची ती मुलगी अखेर परत आली. आता ही चिठ्ठी परीक्षकांकडे जाईल. तिने चिठ्ठी दोनदा वाचली. तिच्या पुढच्या नेमणुकीचा निर्णय त्याच महिन्यात व्हायचा होता. मग तिने माझा सर्वांत खालचा, डावीकडून तिसरा खण उघडला, साखरेच्या पुड्यांखाली ती चिठ्ठी सरकवली आणि खण लावून घेतला.

तो 'उद्या' अजून आलेला नाही. मॅडमनी पंधरा दिवस वाट पाहिली, मग सर्वांत मोठे प्रकरण काढून टाकले. उरलेला प्रबंध तोकडा आहे म्हणून परत आला. त्या आता इथे बसत नाहीत. कुलगुरूंना दुसऱ्यांदा नेमले आहे.

मित्रांनो, मला पुन्हा कार्डे द्या, असे मी म्हणत नाही. ती मिळणार नाहीत. माझ्या कड्या घासा, असेही नाही. मी लाकूड आहे, स्वतःहून खण उघडू शकत नाही, एवढीच माझी अडचण आहे. तुम्हाला हात आहेत. उद्या कॉफी घ्यायला आलात की खाली वाका आणि डावीकडून तिसरा खण ओढा. साखर बाजूला करा. एक चिठ्ठी मिळेल. पुढे लिहिले आहे, 'एक कॉफी, साखर नको.' ती उलटून बघा, आणि मॅडमना नेऊन द्या.