शेपूट गाळून वाचणं

माझ्या जुन्या मित्राच्या, खर्जाच्या मुलीचं पत्र आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं, घडी घालून पाकिटात ठेवलं आणि उत्तर दिलं नाही. मी फोन उचलत नाही हे तिला माहीत होतं, म्हणून तर तिने पत्र लिहिलं होतं. 'काका, अर्धांगाच्या झटक्यातून बाबा सावरलेत. हिंडतात, वाचतात, सगळं समजतं. पण बोलत नाहीत. उपचार करणाऱ्या बाई म्हणतात, बोलणं परत येऊ शकतं, पण आत्ता प्रयत्न सोडला तर पुढे कठीण आहे. आणि त्यांनी सोडलाय. आमच्यासमोर तोंड उघडायची त्यांना लाज वाटते. तुम्ही येऊन त्यांच्याबरोबर पूर्वीसारखं वाचाल का?'

पूर्वीसारखं म्हणजे छापखान्यातल्यासारखं. आम्ही दोघे मुद्रितशोधक. एका टेबलाशी समोरासमोर बसायचं. त्याने लेखकाची मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि मी छापील तावावर पेन्सिल फिरवत ताडून पाहायचं. त्याचा आवाज भरदार, म्हणून तो खर्ज. मी मौनीबुवा.

भिंतीपलीकडे यंत्र धडधडायचं. त्या गोंगाटात 'स्वल्पविराम', 'उद्गारचिन्ह' असले लांबलचक शब्द ओरडायचे म्हणजे घसा बसायचा. कागदाच्या गठ्ठ्यांवर एक मांजरी झोपायची. खर्जाने सगळ्या चिन्हांची नावं तिच्यावरून पाडली. स्वल्पविराम म्हणजे शेपूट. अवतरणचिन्ह उघडलं की कान 'टवकारले', मिटलं की 'पाडले'. उद्गारचिन्ह म्हणजे फिस्कारा, प्रश्नचिन्ह म्हणजे म्यांव, आणि पूर्णविराम आला की 'बसली'. चूक म्हणजे अर्थातच उंदीर. मालक म्हणजे बोका. एखादा उंदीर निसटून पुस्तकात छापला गेला की मालक दारात येऊन आमचा उद्धार करायचा, आणि खर्ज खाली मान घालून पुटपुटायचा, "शिंकं तुटलं, बोक्याचं फावलं."

हे सगळं ठीक. पण वाचायचा तो! मी मोठ्याने वाचलेलं कुणी ऐकलेलं नाही. माझा आवाज पातळ, चार माणसं दिसली की तो आणखी पातळ होतो. अशा माणसाने जाऊन मित्राला बोलतं करायचं? मी 'येऊ शकत नाही' असं लिहायला बसलो, तर तेही जमेना. प्रत्येक मसुद्यात मला उंदीर दिसायचे आणि मी कागद फाडायचो.

एका दुपारी सूनबाई कपड्यांना इस्त्री करत होती. मी पाकीट उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"बाबा, किती दिवस त्या पाकिटाभोवती मांजरासारखं घुटमळणार आहात?"

"मला वाचता येत नाही गं मोठ्याने."

"मग शिका. मी ऐकते."

"हसशील."

"हसेन की. हसण्याने कुणी मेलंय का? पण असं भिजल्या मांजरासारखं कोपऱ्यात बसणं पुरे झालं. तिकडे तो माणूस मुका व्हायला निघालाय."

हे वर्मी लागलं. बागकामाच्या एका जुन्या पुस्तकाच्या दोन प्रती माझ्याकडे होत्या. एक तिच्यापुढे उघडून ठेवली, सगळी चिन्हं समजावून सांगितली आणि दुसरी हातात धरून उभा राहिलो.

"टवकारले, गुलाबाला पाणी किती घालावं, म्यांव, पाडले, असा प्रश्न, शेपूट, नवशिके नेहमी विचारतात, बसली..."

ती इतकी हसली की इस्त्री उभी करून ठेवावी लागली. मी थांबलो नाही. हसणं ओसरलं, ती पुन्हा सदऱ्याच्या बाहीकडे वळली, मधूनमधून पानाकडे बघू लागली. मी खतावरचा परिच्छेद वाचत होतो आणि घाबरून भराभर वाचत होतो.

"शेपूट!" ती ओरडली.

"काय?"

"'कुजलेलं शेण' नंतर शेपूट आहे. तुम्ही खाल्लंत!" मग स्वतःच ओशाळली. "अय्या, माझं लक्षही नव्हतं. आपोआपच तोंडातून गेलं."

मी पुस्तक मिटून खाली बसलो. छापखान्यातले माझे पहिले दिवस मला आठवले. मी कुणाशी बोलत नसे. उंदीर दिसला तरी पेन्सिलीने खूण करायचो, तोंडाने 'थांब' म्हणायचो नाही. तेव्हा खर्ज मुद्दाम शेपूट गाळून वाचू लागला. एकदा गाळलं, दोनदा गाळलं. ताडून पाहणाऱ्याला ते सोसत नाही. दाताखाली खडा आल्यासारखं होतं. शेवटी मी 'शेपूट!' म्हणून किंचाळलो होतो, आणि त्याने मान न उचलता पुढचं वाक्य वाचायला घेतलं होतं.

म्हणजे आता खर्जाकडे चांगला वाचणारा नकोच होता. शेपटं गाळणारा हवा होता, आणि ते मला न शिकता येत होतं.

"सूनबाई, कोरा कागद दे."

"परत फाडायला?"

"दे तर."

मी उभ्या उभ्या इस्त्रीच्या टेबलावरच लिहिलं. 'मी शनिवारी सकाळच्या गाडीने येतो. एका पुस्तकाच्या दोन प्रती आणतो, एक त्याच्या हातात द्यायची. मी वाचेन आणि वाईट वाचेन. काही गळलं तर तू सांगायचं नाहीस, उपचारवाल्या बाईंनीही नाही. तो चिडेल. त्याला चिडू दे. शनिवारी गप्प राहिला तर रविवारी वाचेन, मग सोमवारी. मुक्कामाच्या तयारीने येतोय.'

कागदाची घडी घातली आणि पाकीट चिकटवलं.

"बाबा, एकदा वाचून नाही बघणार?" सून डोळे विस्फारून म्हणाली.

"नाही."

"त्यात उंदीर असले तर?"

"असू देत. त्यांना पकडायला तो आहे तिकडे."

वाचून पाहिलं असतं तर पाकीट घरातच राहिलं असतं, एवढं मी स्वतःला ओळखतो. चपला घातल्या, कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत तरातरा गेलो आणि पत्र आत सोडलं. ते तळाशी पडल्याचा आवाज आला, तोवर माझा हात फटीतच होता.