मी ठीक आहे

जुन्या वॉशिंग मशीनच्या सर्किट बोर्डावर लिनक्सचा कर्नल, म्हणजे संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा, चढवायचं खूळ माझंच. कर्नल झकास सुरू व्हायचा आणि अर्ध्या मिनिटात बोर्ड आपोआप रीस्टार्ट व्हायचा. आठवडाभर मी मेमरीला शिव्या घातल्या. आईचे फोनही उचलले नाहीत; ती विचारणार काय, तर जेवलास का.

शेवटी दोष सापडला. बोर्डावर एक पहारेकरी चिप होती. कर्नलने तिला सारखं ‘मी ठीक आहे’ कळवायचं, नाहीतर ती सगळं बंद करून पुन्हा सुरू करणार. एवढा कसला संशय, असं पुटपुटत मी तेवढा कोड लिहिला. बोर्ड निमूट चालू लागला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात आई, हातात बॅग.

“फोन उचलत नाहीस,” ती म्हणाली. मग तिने ओट्यावरची खरकटी भांडी पाहिली आणि पदर खोचला. “सरक. सगळं पहिल्यापासून करावं लागणार.”